भीती खरी, अर्ज नामंजूर

कॅनडाच्या फेडरल कोर्टाचे आश्रयाच्या प्रकरणांतले निकाल चाळायला घेतले, की आपल्या ओळखीचं एक नाव सारखं भेटतं: मुंबई. अर्जदार बऱ्याचदा पंजाबचा असतो. गावातली टोळी, जमिनीच्या वादातले दांडगे भाऊबंद किंवा त्यांच्याशी लागेबांधे असलेला एखादा पोलीस आपल्या जिवावर उठलाय, असं त्याचं म्हणणं असतं. निर्वासित मंडळ ते ऐकून घेतं, कधीकधी त्यातलं बरंचसं खरंही मानतं आणि शेवटी विचारतं, मग तुम्ही मुंबईला का गेला नाहीत? दिल्ली, कोलकाता, बंगळूर ही नावंही येतात. पण मुंबई वारंवार.

कोल्हापूरच्या माणसाला हा सल्ला नवा नाही. धंदा बुडाला, घरात बिनसलं, पळून जाऊन लग्न केलं, की 'रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकड आणि मुंबई गाठ' हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंय. फरक इतकाच, की तिकडे हाच सल्ला अर्ज नामंजूर करण्याचं कायदेशीर कारण होतो. त्या नकाराविरुद्ध माणूस कोर्टात जातो, तेव्हा कोर्ट नेमकं काय तपासतं? आणि परदेशी न जाता इथेच राहून 'मला गुंडांपासून वाचवा' म्हणणाऱ्याला आपलं कोर्ट काय देतं? हे दोन प्रश्न एकमेकांशेजारी ठेवून पाहायला हवेत, कारण दोन्हीकडे गाडी एकाच जागी अडते. भीती खोटी आहे असं फारसं कुणी म्हणत नाही. भीती मोजायची कुणी आणि नकार दिला तर त्याचा हिशेब कुणी मागायचा, इथे सगळं अडतं.

नुसती भीती पुरत नाही

निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो लिहिला गेला, तेव्हा डोळ्यांसमोर होता तो आपल्याच माणसांच्या मागे लागलेला सरकारी वरवंटा. म्हणून छळाची पाच कारणं त्यात मोजून दिली: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व. हप्ता मागणारी टोळी या पाचांत कुठे बसते? कुठेच नाही. ती तुमचा धर्म विचारत नाही, गल्ला विचारते.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९९२ चा एलियास-झकारियास निकाल हा या वाटेवरचा पहिला मोठा अडसर. ग्वाटेमालातल्या एका तरुणाच्या घरी हत्यारबंद गनिमी आले आणि 'आमच्यात ये' म्हणाले. त्याने नकार दिला आणि ते परत येतील या धास्तीने देश सोडला. कोर्टाने म्हटलं, त्यांना माणसं हवी होती म्हणून ते आले. तुझ्या राजकीय मतासाठी ते तुझ्यामागे लागले, हे तू दाखवलेलं नाहीस. पुढे एल साल्वादोरमधल्या एमएस-१३ सारख्या टोळ्यांना नकार देणारी पोरं आश्रय मागू लागली. त्यांच्या वकिलांनी 'टोळीत जायला नकार देणारे तरुण' हाच एक सामाजिक गट आहे, असा युक्तिवाद केला. २००८ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळाने तो फेटाळला: या गटाला ठोस सीमा नाही आणि समाज त्याला वेगळा गट म्हणून ओळखत नाही.

तेव्हापासून तिथे या एका शब्दप्रयोगावर दोरीखेच चालू आहे. २०१८ मध्ये ॲटर्नी जनरलने टोळ्यांच्या आणि घरगुती हिंसेच्या बळींसाठी दार आणखी ओढून घेतलं, २०२१ मध्ये नंतरच्या ॲटर्नी जनरलने तो निर्णय रद्द केला आणि २०२५ मध्ये पुन्हा जुनी कडक भूमिका आली. सरकार बदललं की 'सामाजिक गटा'चा अर्थ बदलतो. ज्याच्या मागे टोळी लागलीय, त्याच्या बाजूने मात्र काहीच बदललेलं नसतं.

कॅनडाने या पाच कारणांबाहेरही एक खिडकी ठेवली. तिथल्या कायद्याच्या कलम ९७ नुसार कारण कोणतंही असो, जिवाला धोका असेल तर संरक्षण मिळू शकतं. पण खिडकीला गज आहेत: धोका त्या देशातल्या इतरांनाही सर्रास असेल, तर तो धरायचा नाही. परिणाम असा, की ज्या शहरात टोळ्या सगळ्यांनाच लुटतात, तिथल्या माणसाची केस दुबळी ठरते. काही न्यायाधीशांना हे पटलं नाही. २०१२ च्या पोर्तिलो निकालात फेडरल कोर्टाने मंडळाचा निर्णय रद्द करताना सांगितलं, की टोळीने एखाद्याला नाव घेऊन ठार मारण्याची धमकी दिली असेल, तर त्याचा धोका 'सर्वसाधारण' राहत नाही. बाजारात सगळ्यांकडून वर्गणी उकळणं वेगळं आणि एकाच्या दारावर खूण करून जाणं वेगळं.

सरकार आहे ना?

दुसरा अडसर पोलिसांचा. आश्रय म्हणजे स्वतःच्या सरकारने हात वर केल्यावर परक्या सरकारने धरलेला हात, असा या कायद्याचा पाया आहे. १९९३ च्या वॉर्ड प्रकरणात कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने तो नीट मांडला. उत्तर आयर्लंडमधल्या एका सशस्त्र संघटनेच्या सदस्याला ओलिसांवर पहारा द्यायला ठेवलं होतं. त्यांना मारायचं ठरलंय हे कळल्यावर त्याने त्यांना सोडून दिलं. संघटनेने त्यालाच मृत्युदंड फर्मावला. छळ करणारं सरकार नव्हतं, संघटना होती. कोर्टाने सांगितलं, छळ सरकारनेच करायला हवा असं नाही. सरकार वाचवायला असमर्थ असेल तरी पुरे. मात्र त्याच निकालाने दुसरीही गोष्ट रुजवली: प्रत्येक देश आपल्या माणसाला वाचवू शकतो हे गृहीत धरायचं आणि ते खोडायचं ओझं अर्जदारावर.

ब्रिटनमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने २००० च्या होर्वाथ आणि २००५ च्या बॅग्डानाव्हिशियस निकालांत मोजमाप ठरवलं: संरक्षण पूर्ण हवं असं नाही, वाजवी असलं की झालं. कोणताच देश प्रत्येक दारात पोलीस उभा करू शकत नाही, हे खरंच. पण 'वाजवी' हा शब्द कागदावर जितका गुळगुळीत, तितकाच पोलीस ठाण्याच्या बाकावर खडबडीत. गुन्हा नोंदवून न घेता साधा अर्ज घेऊन पाठवून दिलेल्या माणसाकडे पुरावा काय उरतो? 'पोलिसांकडे गेलो होतो' हे सांगायलाही शिक्का मारलेली पोच लागते.

दुसरीकडे जा

तिसरा अडसर म्हणजे आपली मुंबई. कॅनडात याची कसोटी १९९१ च्या रसरत्नम निकालापासून चालत आलीय आणि तिचे दोन भाग आहेत: त्या दुसऱ्या शहरात धोका आहे का, आणि तिथे राहायला जायला सांगणं वाजवी आहे का? दुसऱ्या भागाची पट्टी पुढे फारच वर नेली गेली. नोकरी मिळणार नाही, भाषा येत नाही, नातेवाईक नाहीत, एवढ्याने भागत नाही. जीव धोक्यात येईल अशी परिस्थिती दाखवावी लागते. त्यामुळे सगळी झटापट पहिल्या भागावर येते आणि तिथला प्रश्न असतो, की टोळीकडे तुम्हाला हुडकून काढायची साधनं आहेत का, आणि तेवढी खुमखुमी आहे का?

मग भारतातली यंत्रणा परदेशी कोर्टात उलगडली जाते. मुंबईत भाड्याने खोली घेतली, की घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते: फोटो, मूळ गावचा पत्ता, ओळखपत्र. अर्जदाराचा वकील म्हणतो, हा फॉर्म गावच्या ठाण्यापर्यंत पोचला की संपलं. सरकारचा वकील म्हणतो, इतक्या कोटींच्या शहरात एका माणसासाठी कोण एवढी तसदी घेतंय? दोघांच्या म्हणण्यात तथ्य असतं. पण आपल्याकडे माणसाचा ठावठिकाणा सरकारी फॉर्मातून कमी आणि चुलत्याच्या तोंडून जास्त फुटतो. लग्नाची पत्रिका, जत्रा, मयत, व्हॉट्सॲपवरचा फोटो, यांतून काय लपतं? फेडरल कोर्टानेही २०२० च्या एका निकालात हे ओळखलं. जिथे राहायचं म्हणजे घरच्यांनाही पत्ता सांगता येणार नाही, त्याला सुरक्षित जागा म्हणता येत नाही. ते लपणं झालं, राहणं नव्हे.

याच्या उलट टोकाचं एक प्रकरण इथेच बघण्यासारखं आहे. शस्त्रास्त्र व्यवहारातले सल्लागार संजय भंडारी यांना भारताच्या हवाली करायचं की नाही, यावर लंडनच्या हायकोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नाही' असं उत्तर दिलं. तिहार तुरुंगात इतर कैदी किंवा कर्मचारी यांच्याकडून खंडणीसाठी धमक्या आणि मारहाण होण्याचा खरा धोका आहे, हे त्यामागचं एक कारण. वरवर पाहता हा अन्याय वाटतो: गावच्या पोराला 'मुंबईला जा' आणि पैसेवाल्याला मोकळीक. पण कायद्याच्या अंगाने फरक समजण्यासारखा आहे. प्रत्यार्पणाच्या खटल्यात पाच कारणांचा जाच नसतो, अमानुष वागणुकीची कसोटी लागते. आणि कैदेत 'दुसरीकडे जा' हा पर्यायच नसतो. माणूस सरकारच्याच ताब्यात असतो. गुंडांची भीती तीच, पण मधले दोन अडसर गळून पडले की निकाल फिरतो. आश्रयाच्या अर्जांत भीतीपेक्षा हे अडसरच निकाल ठरवतात, याचा याहून स्वच्छ दाखला मिळणं कठीण.

कोर्ट काय बघतं

अर्ज फेटाळल्यावर कोर्टात जाणं म्हणजे अपील नव्हे, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. अपिलात कोर्ट विचारतं, निर्णय बरोबर आहे का? न्यायालयीन फेरतपासणीत ते विचारतं, असा निर्णय देणं त्या अधिकाऱ्याला शोभतं का? एलियास-झकारियास निकालाने अमेरिकेत पट्टी अशी आखली, की कोणताही समंजस माणूस वेगळ्या निष्कर्षाला येऊच शकला नसता इतका पुरावा भक्कम असेल, तरच कोर्टाने वस्तुस्थितीवरचा निर्णय फिरवायचा. कॅनडात २०१९ च्या वाविलोव्ह निकालापासून कसोटी 'वाजवीपणा'ची: कारणांची साखळी जुळते का, आणि ज्याच्या आयुष्यावर घाला पडणार आहे त्याच्या मुख्य मुद्द्याला उत्तर दिलंय का. त्यातही निर्वासित प्रकरणात आधी कोर्टाची परवानगी लागते, कॅनडातच दिलेल्या निर्णयाविरुद्ध तिच्यासाठी १५ दिवस मिळतात आणि परवानगी नाकारली तर पुढे अपील नाही.

जिंकला तरी अर्जदाराला आश्रय मिळत नाही. प्रकरण पुन्हा मंडळाकडे जातं, नव्या सदस्यापुढे, नव्या तारखेला. कोर्टाच्या हातात भीतीचा तराजू नसतोच. ते अधिकाऱ्याची लेखणी तपासतं. हे तोकडं वाटेल. पण ज्या व्यवस्थेत एक अधिकारी एका दुपारी कुणाचं आयुष्य ठरवतो, तिथे 'कारण लिहून दे आणि ते कारण या माणसाच्या गोष्टीला लागू पडू दे' एवढा दंडकही क्षुल्लक नाही.

वळिवडे, धर्मशाळा आणि कलम २१

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा स्वतंत्र कायदाही नाही. तरी आश्रय आपल्याला परका नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. बहुतेक बायका आणि मुलं, रशियातल्या हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली. तेव्हा ना करार होता, ना पाच कारणांची यादी. ती मंडळी गेल्यावर त्याच परिसरात फाळणीतून आलेले सिंधी वसले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. महावीर उद्यानात त्या पोलिश वस्तीची आठवण म्हणून स्मारक आहे, तर वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी भेट दिली. पण तो आश्रय सत्तेने दिलेला होता. तो नाकारला असता, तर दाद मागायला कोर्ट नव्हतं.

आज आहे. १९९६ च्या चकमा प्रकरणात सुप्रीम कोर्टासमोर जवळपास आपलाच प्रश्न आला. अरुणाचल प्रदेशातल्या सुमारे ६५ हजार चकमांना एका विद्यार्थी संघटनेने निघून जाण्याची मुदत दिली होती. धमकी सरकारची नव्हती, जमावाची होती. कोर्टाने सांगितलं, जगण्याचा हक्क देणारं राज्यघटनेचं कलम २१ नागरिकापुरतं नाही. इथल्या प्रत्येक माणसाचा जीव वाचवणं राज्याचं कर्तव्य आहे आणि जमावाच्या धमकीपुढे राज्याने मान तुकवायची नाही. त्यांना दुसरीकडे पाठवा, असं कोर्ट म्हणालं नाही. मात्र दाराची दुसरी बाजूही आहे. मे २०२५ मध्ये श्रीलंकेच्या एका तमिळ माणसाने परत गेलो तर जिवाला धोका आहे असं सांगितलं, तेव्हा त्याच कोर्टाने भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे, असं सुनावलं. जगण्याचा हक्क सगळ्यांना, पण इथे राहण्याचा हक्क नागरिकालाच, अशी ही रेघ आहे.

तडीपार: उलटा आश्रय

आपल्या नागरिकाला गुंडांची भीती असेल तर? इथे महाराष्ट्राच्या कायद्याने एक वेगळीच वाट काढलीय. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ चं कलम ५६ सांगतं, की एखाद्याच्या वावराने लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल आणि भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नसतील, तर त्याला जिल्ह्याबाहेर, शेजारच्या जिल्ह्यांबाहेरही घालवता येतं. जास्तीत जास्त दोन वर्षं. कॅनडाचं मंडळ भिणाऱ्याला मुंबईला पाठवतं. आपला प्रांताधिकारी भीती घालणाऱ्याला जिल्ह्याबाहेर पाठवतो. आश्रयाची ही उलटी बाजू. आणि योगायोग असा, की निर्वासितांचा करार आणि हा कायदा एकाच साली जन्मले.

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीत एकाचं मोबाइलचं दुकान आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला एक 'भाऊ' येतो, काउंटरवर हात ठेवतो, काही बोलत नाही. दुकानदार पाकीट देतो. तक्रार देत नाही, कारण दुकान तिथेच आहे आणि पोरगी शाळेला त्याच रस्त्याने जाते. तडीपारीची चौकशी लागली, की त्याचा जबाब गोपनीय घेतला जातो. नाव नाही, गाव नाही; कागदावर तो फक्त साक्षीदार 'अ'. शेजारचा पानपट्टीवाला साक्षीदार 'ब'.

आता तडीपार झालेला माणूस हायकोर्टात जातो, आणि तिथे फेरतपासणीचं पातं दुसऱ्या बाजूने चालतं. सत्तरच्या दशकातल्या पंढरीनाथ रांगणेकर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, की साक्षीदार घाबरलेले असतात म्हणूनच हा कायदा आहे, तेव्हा नोटिशीत सगळा तपशील देण्याचा आग्रह धरता येणार नाही. पण जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात त्याच कोर्टाने तडीपारी रद्द केली. हा असाधारण उपाय आहे, संचाराच्या मूलभूत हक्कावर तो घाला घालतो, आणि पूर्ण दोन वर्षंच का, याचं कारण आदेशात नव्हतं. पुन्हा तेच: कोर्टाने गुंड आहे की नाही हे ठरवलं नाही, लेखणी तपासली. साचेबंद आदेशावर शिक्के मारले जातात, तेव्हा खरोखर दहशत घालणाराही सुटतो आणि साक्षीदार 'अ' उघड्यावर पडतो.

पाच दिवस, तीन महिने

साक्षीदाराच्या बाजूचा कायदा उशिरा आला. बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार फिरले, तेव्हा २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने फेरसुनावणी गुजरातमधून काढून महाराष्ट्रात नेली. म्हणजे माणसाऐवजी खटल्यानेच स्थलांतर केलं. पण प्रत्येक खटल्याला हे कसं जमणार? अखेर डिसेंबर २०१८ मध्ये महेंद्र चावला प्रकरणात कोर्टाने साक्षीदार संरक्षण योजनेला देशभर कायद्याचं बळ दिलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याने अशी योजना करावी, असं बंधनही घातलं.

योजनेची रचना आश्रयाच्या अर्जाशी ताडून बघण्यासारखी आहे. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे जातो. जिल्ह्याचे पोलीसप्रमुख सदस्य, सरकारी वकिलांचे प्रमुख सदस्य-सचिव. पोलिसांनी पाच कामकाजी दिवसांत धोक्याचा अहवाल द्यायचा आणि अ, ब, क अशी प्रत ठरवायची: जिवाला धोका, सुरक्षितता, प्रतिष्ठा किंवा मालमत्तेला धोका, किंवा नुसती सतावणूक. उपाय घरावरच्या कॅमेऱ्यापासून नव्या ओळखीपर्यंत. मुदत एका वेळी तीन महिने. आणि नकार मिळाला तर पुनर्विचार अर्जासाठी १५ दिवस, अगदी कॅनडासारखे.

राजारामपुरीच्या दुकानदारासाठी यात एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. योजनेची व्याख्या सात वर्षं आणि त्यावरच्या शिक्षेच्या गुन्ह्यांभोवती फिरते. जुन्या दंडसंहितेत साध्या खंडणीला तीन वर्षं होती. न्याय संहितेच्या कलम ३०८ ने ती सातपर्यंत नेली. म्हणजे हप्त्याची तक्रार करणारा आता या छत्रीखाली येऊ शकतो. हे त्याला सांगणार कोण, हा प्रश्न कायद्याचा नाही, ठाण्याचा आहे.

समितीने नाकारलं, पोलिसांनी 'धोका आढळून येत नाही' एवढ्या एका ओळीत संरक्षण फेटाळलं, तर उरतं राज्यघटनेचं कलम २२६, म्हणजे हायकोर्टात दाद. ऑगस्ट २०२५ पर्यंत त्यासाठी मुंबई गाठावी लागे. भिणाऱ्या माणसाने रात्रीच्या गाडीने जायचं, सकाळी वकिलाला गाठायचं, तारीख पडली की परत. १७ ऑगस्टला कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं उद्‌घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं ऐकली जाऊ लागली. वकिलांनी त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला. या बेंचचं कौतुक आपण अंतराच्या हिशेबात केलं. पण गुंडाला भिणाऱ्यासाठी त्याचा अर्थ आणखी एक आहे: नकाराची एक ओळ लिहिणाऱ्याला आता ठाऊक असतं, की ती ओळ चालत जाण्याच्या अंतरावर वाचली जाणार आहे.

कोर्ट तिथेही भीती मोजणार नाही. ते विचारेल, धमकीची तारीख बघितली का, मागच्या गुन्ह्यांचा तक्ता बघितला का, साक्षीदार 'अ'ला कुणी भेटलं का, आणि नाही म्हणताना का नाही म्हटलं? ओटावातही हेच विचारतात. पण तिथे उत्तर चुकलं तर माणसाला पुन्हा एकदा मुंबईच सुचवली जाते. इथे उत्तर बरोबर यायला हवं, कारण राजारामपुरीच्या दुकानदाराने महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं, तर दुसऱ्या दिवशी 'भाऊ' शेजारच्या दुकानाच्या काउंटरवर हात ठेवील.